सिद्धतेचा अर्थ : बंगालच्या उपसागरातील वादळांवरून एक पाठ

‘तयार’ हा शब्द मराठी माणूस दिवसातून दहा वेळा उच्चारतो. परंतु प्रत्येक वेळी त्याच्या मनात एकच अर्थ असतो असे नाही. अढीत घातलेला आंबा तयार होतो, तो काळाच्या ओघाने. तयारीचा गवई म्हणून ज्याचा लौकिक होतो त्याची तयारी वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून आलेली असते. मैफलीच्या दिवशी सकाळी ती करू म्हटल्याने होत नाही. गाडीला अर्धा तास असताना वळकटी बांधून दारात उभा राहिलेला प्रवासीही ‘तयार’च असतो. ‘सज्ज’ या शब्दाची कथा निराळी आहे. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. जिची दोरी चढविलेली आहे असे धनुष्य ते ‘सज्य’, आणि त्यावरूनच ‘सज्ज’ हा शब्द आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लाकडी धनुष्याची दोरी कोणी जाणता धनुर्धर बारा महिने चढवून ठेवीत नसे. सतत वाकविलेले लाकूड हळूहळू त्याच वाकाला सरावते व आपला जोर गमावून बसते. दोरी उतरलेली, पण हाताशी. आणि ती क्षणात कशी चढवावी हे हातांना ठाऊक, अशी ती स्थिती असे.

आपत्तीच्या संदर्भात ‘पूर्वसिद्धता’ हा शब्द आज सर्रास योजला जातो. वर सांगितलेल्या सर्व छटा त्यात आहेत. मात्र शब्द वारंवार वापरला गेला की त्यातील अर्थ झिजू लागतो. म्हणून व्याख्येच्या मागे न लागता एखाद्या प्रत्यक्ष स्थळी जाऊन सिद्धता म्हणजे काय असते आणि तिच्या अभावी काय घडते हे पाहणे अधिक फलदायी होईल. बंगालच्या उपसागराचा किनारा हे असे एक स्थळ आहे. तेथे हा विषय जवळजवळ पावणेदोनशे वर्षे शिकविला जात आहे, आणि या शिक्षणाचे शुल्क फार जबर पडलेले आहे.

वादळाची शक्ती व पाण्याचे वजन

उष्ण कटिबंधातील समुद्राचे पाणी पुष्कळ खोलीपर्यंत सुमारे २६–२७ अंश सेल्सियसच्या वर तापले, की त्यावरची हवा बाष्पाने भरून वर चढू लागते. बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता मुक्त होते ती या चढणाऱ्या हवेला आणखी वर रेटते. खाली वायुभार कमी होतो व सभोवारची हवा तेथे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही धाव सरळ न राहता वळते आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारे एक विशाल चक्र निर्माण होते. वातावरणाच्या वरच्या व खालच्या थरांतील वारे फार भिन्न गतीचे असतील तर हे चक्र मोडते. नसतील तर ते दिवसेंदिवस बळावते. आपल्याकडे मोसमी पावसाच्या आधी व नंतर, म्हणजे एप्रिल–मे आणि ऑक्टोबर–नोव्हेंबर या महिन्यांत, अशी प्रबळ वादळे विशेषेकरून होतात.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा छत्री उलटी करतो. १२० किलोमीटरांचा वारा त्याच्या चौपट, आणि २४० किलोमीटरांचा वारा सोळापट जोर लावतो. तरीही किनाऱ्यावर माणसे मरतात ती मुख्यतः वाऱ्याने नव्हे, पाण्याने. वायुभार एका मिलिबारने उतरला तर समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. म्हणजे शंभर मिलिबारांच्या भयंकर उतारानेही पाणी फार तर एक मीटर वर येईल. वास्तविक उधाण पाच-सहा मीटरांचे येते, कारण वारा पाणी पुढे ढकलीत आणतो आणि किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ त्याला खालून माघारी जाऊ देत नाही. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात समुद्र उथळ आहे, किनारे नरसाळ्यासारखे एकमेकांकडे झुकलेले आहेत, आणि समोर गंगा, ब्रह्मपुत्रा व महानदी यांनी आणून टाकलेल्या गाळाची सपाट, दाट वस्तीची भूमी आहे. त्यात भरतीची वेळ साधली गेली तर मग विचारावयास नको. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन होय. असे टनांमागून टन कुडाच्या भिंतींवर येऊन आदळतात, तेव्हा भिंत भक्कम होती की कच्ची होती हा प्रश्न फारसा उरत नाही. माणूस त्या ठिकाणी नसणे हाच एक उपाय राहतो.

चक्रीवादळ किनाऱ्यावर येते त्या बिंदूच्या उजव्या बाजूस वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात व डाव्या बाजूस जमिनीकडून समुद्राकडे. त्यामुळे उधाणाचा मुख्य तडाखा उजवीकडे बसतो. पन्नास किलोमीटरांच्या अंतराने एक गाव बुडते आणि दुसऱ्या गावी केवळ कौले उडतात. या गोष्टीचा सिद्धतेशी निकटचा संबंध आहे; तो पुढे येईलच.

पूर्वसूचना आणि तिचे न ऐकले जाणे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक पूर्वीचा दर्यावर्दी राहत असे. जहाजांच्या रोजनिशा जमवून त्याने उपसागरातील वादळांचा अभ्यास केला. सर्पाच्या वेटोळ्याचा बोध करून देणाऱ्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ ही आज जगभर रूढ असलेली संज्ञा त्यानेच घडविली. कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक प्रकट पत्र लिहिले. या जागी वादळाचे उधाण एक ना एक दिवस येणार आणि बंदर वाहून नेणार, असा त्याचा इशारा होता. सरकारने तो मानला नाही. बंदर उभे राहिले, त्याला पोर्ट कॅनिंग असे नाव मिळाले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने त्याची दाणादाण उडविली. पुढे काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ मध्ये, निवर्तला होता.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ रोजी खुद्द कलकत्त्याला एका वादळाने गाठले होते. हुगळीच्या मुखाकडून आलेल्या पाण्याने पन्नास ते साठ हजार माणसांचा बळी घेतला. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली. ही व्यवस्था प्राधान्याने जहाजांसाठी होती, हे नमूद केले पाहिजे. बंदरावर दिवसा शंकू व पिंपाच्या आकाराच्या खुणा आणि रात्री दिवे चढवून क्रमांकाने धोका सांगितला जाई. कोकणातील कोळी बांधव आजही ‘बावटा लागला’ असे म्हणतात, ते याच पद्धतीला अनुलक्षून. परंतु चिखलमातीच्या बेटांवर भात पिकविणाऱ्या माणसाला बंदरावरील शंकू दिसणार कसा? पहिली शंभर वर्षे या प्रश्नाकडे कोणी पुरेशा गांभीर्याने पाहिले, असे म्हणता येत नाही.

या बावट्यांमध्ये एक मोठा अर्थपूर्ण आहे. भारतीय बंदरांवरील संकेत एक ते अकरा क्रमांकांचे असतात, दहावा महासंकटाचा. त्याच्यापुढे अकरावा कशाला, असे कोणालाही वाटेल. अकराव्याचा अर्थ, सूचना देणाऱ्या कार्यालयाशी असलेला संपर्क तुटला आहे, असा आहे. बातमी येत नाही, हीच बातमी म्हणून वर चढवावयाची! ज्याने हा अकरावा संकेत प्रथम सुचविला, त्याला सिद्धतेचे मर्म उमगले होते यात शंका नाही. नेहमीची साधने नेमकी गरजेच्या वेळी निकामी होणार, हे त्याने गृहीत धरले होते.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात भोला व आसपासच्या बेटांवर वादळ आले. भरतीची वेळ होती. मृतांची संख्या तीन ते पाच लाखांच्या दरम्यान धरली जाते. ज्ञात इतिहासात याहून प्राणघातक चक्रीवादळ झालेले नाही. हे वादळ कोणाच्या नजरेतून निसटलेले नव्हते. कृत्रिम उपग्रहाने त्याची छायाचित्रे घेतली होती, आणि नभोवाणीवरून इशाराही दिला गेला होता. तो ऐकून कोणी काय करावयाचे, कोठे जावयाचे, हे मात्र ठरलेले नव्हते; आणि सपाट बेटावर जाण्यासारखी उंच जागाही नव्हती.

वेळेचा हिशेब

येथे थोडे अंकगणित करून पाहू. समजा, किनाऱ्यावर दोन हजार वस्तीचे एक गाव आहे व तेथून दोन किलोमीटरांवर एक भक्कम निवारा आहे. वादळ ताशी सोळा किलोमीटर गतीने जवळ येत आहे आणि चोवीस तास आधी, म्हणजे ते जवळजवळ चारशे किलोमीटर दूर असताना, पक्की सूचना निघते. चोवीस तास पुष्कळ वाटतात. परंतु वादळाचा मध्य येण्यापूर्वी सात-आठ तास वारा इतका वाढलेला असतो की झाडे पडू लागतात व रस्त्याने चालणे धोक्याचे होते. उरले सोळा. त्यांतील सहा तास ऐन रात्रीचे. मुले, म्हातारी माणसे व गुरे यांना घेऊन मुसळधार पावसात अंधारातून निघणे कठीण. म्हणजे हाती राहिले दहा तास.

आता खर्चाची बाजू पाहा. सूचना जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याला व तेथून गावाला पोहोचण्यास तीन तास. निघावे की न निघावे याचा गावात खल, दोन तास. घरोघर माणसे गोळा करणे, किडुकमिडुक बांधणे, गुरे सोडणे, तीन तास. चालू न शकणाऱ्यांसाठी गाडी किंवा खाट शोधणे, दोन तास. चालण्यास एक तास. एकूण अकरा तास होतात, आणि हाती आहेत दहा. ज्यांचा तो एक तास कमी पडला त्यांची नावे मागाहून यादीत येतात.

हेच गाव दुसऱ्या रीतीने कल्पून पाहा. सूचना थेट गावातील ध्वनिक्षेपकावर अर्ध्या तासात येते. निघावे की नाही याचा खल करण्याचे कारणच उरत नाही, कारण अमुक दर्जाची सूचना आली की निघावयाचे हा निर्णय मागेच, उन्हाळ्यातील एका निवांत सायंकाळी, गावसभेत झालेला आहे. अपंग, गरोदर व वृद्ध यांची यादी भिंतीवर लावलेली असून प्रत्येक नावापुढे दोन धडधाकट तरुणांची नावे आहेत. त्या कामास एक तास. कागदपत्रे, औषधे व चार दिवसांचा शिधा एका बोचक्यात बांधून ठेवलेला आहे, अर्धा तास. चालण्यास पूर्वीइतकाच एक तास. एकूण तीन तास.

वाऱ्याचा वेग दोन्ही गावांत तोच आहे, निवाराही तोच, सूचनाही त्याच क्षणी निघालेली. वेधशाळेचे शास्त्र उपलब्ध वेळ वाढविते. सिद्धता आवश्यक वेळ घटविते. जी कामे टंचाईच्या तासांत करावी लागली असती ती सुकाळाच्या दिवसांत उरकून ठेवणे, एवढाच तिचा व्यवहारातील अर्थ आहे. आणि या कामांत सर्वांत जड काम ओझे वाहण्याचे नसून निर्णय घेण्याचे असते. भेदरलेला मनुष्य नवा विचार करू शकत नाही. सवयीचे तेवढे करतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. त्यात विहीर कोठे खणावी यावर तहानेल्या मंडळींत होणाऱ्या वादाची भर घातली म्हणजे चित्र पुरे होते.

ओडिशा, १९९९ आणि त्यानंतर

शेजाऱ्याचा अनुभव आपोआप आपला होत नाही, याचे एक खेदजनक उदाहरण आपल्याच देशात आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशातील कृष्णा नदीच्या मुखाजवळ, दिवीसीमा भागात, वादळाच्या उधाणाने सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या राज्याने धडा घेतला. निवारे बांधले, उपग्रहाद्वारे थेट किनाऱ्यावरील गावांत सूचना पोहोचविणारी यंत्रे बसविली. आणि मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर तितकेच उग्र वादळ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविल्यामुळे मृतांची संख्या एक हजारांच्या आत राहिली. एवढे सारे सरहद्दीपलीकडे घडत असता, नऊ वर्षांनी ओडिशावर (तेव्हाचे ओरिसा) प्रसंग आला तेव्हा तेथे काय होते? रेडक्रॉसने बांधलेले तेवीस निवारे.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ वादळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. जगतसिंगपूर जिल्ह्यातील एरसमा भागात पाच-सहा मीटर उंचीचे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरले. जमिनीवर येऊनही वादळ पुढे सरकेना. एक दिवसाहून अधिक काळ ते किनाऱ्यालगतच घुटमळत राहिले आणि पाऊस ओतीत राहिले. हवामानखात्याने सूचना दिलेली होती. परंतु दूरध्वनी मुके झाले, वीज गेली, रस्ते पडलेल्या झाडांनी अडले, आणि राजधानीत बसलेल्या अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर नेमके काय झाले आहे हे कळण्यासच दिवस लागले. बंदरावरील अकराव्या बावट्याची कल्पना येथे कोणी जमिनीवर आणलेली नव्हती. जवळजवळ दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या तेवीस निवाऱ्यांत ज्यांना जागा मिळाली, अशी हजारो माणसे वाचली.

त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने आपत्तिनिवारणासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशात असे हे पहिलेच होय. राष्ट्रीय कायदा पुढे २००५ मध्ये झाला. शोध व सुटकेसाठी शिकविलेली पथके उभारली गेली. निवाऱ्यांची संख्या तेविसांवरून वाढत वाढत वीस वर्षांत आठशेंच्या वर गेली. खांबांवर उभ्या केलेल्या या पक्क्या इमारती असतात; तळमजला मोकळा, म्हणजे पाणी खालून निघून जावे.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ नावाचे वादळ गोपाळपूरजवळ ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने आले. त्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले होते. वादळ आणि त्यामागून आलेले पूर मिळून राज्यात पन्नासांहून कमी माणसे मृत्यू पावली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ वादळ आले. त्या वेळी बारा लाखांहून अधिक माणसांचे स्थलांतर झाले; भ्रमणध्वनींवर सुमारे २६ लाख संदेश धाडले गेले, आणि ४३ हजारांच्या आसपास स्वयंसेवक कामाला लागले. मृतांची संख्या ६४ होती.

हे आकडे शेजारी शेजारी मांडण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु शास्त्रीय विवेचनात थोडा संयम पाळावयास हवा. फायलिन व फनी ही वादळे १९९९ च्या वादळाइतकी प्रखर नव्हती. त्यांचे उधाण कमी उंचीचे होते आणि ती किनाऱ्यावर रेंगाळली नाहीत. म्हणून दहा हजार आणि चौसष्ट यांतील सारे अंतर सिद्धतेच्या खात्यावर जमा करणे योग्य होणार नाही. तसेच सिद्धतेने माणसे वाचली, पण माड वाचले नाहीत. फनीनंतर पुरी व भुवनेश्वर येथील विजेच्या तारा पुन्हा उभारण्यास कित्येक दिवस, खेड्यांत तर कित्येक आठवडे लागले. ३ जून २०२० रोजी कोकणात श्रीवर्धन–अलिबाग भागात आलेल्या ‘निसर्ग’ वादळातही हेच दिसले : लोक वेळीच हलविले गेले म्हणून प्राणहानी थोडी झाली, परंतु पिढ्यांनी राखलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरीपर्यंत सहा-सात वर्षे जातात. या हानीसाठी निराळी सिद्धता लागते, आणि ती अद्याप कोठेच पुरती साधलेली नाही.

वाया गेलेली तयारी

आता उजव्या-डाव्या बाजूंच्या त्या गोष्टीकडे वळू. वादळ नेमके कोठे येणार याचा एक दिवस आधीचा अंदाज या शतकाच्या आरंभी सरासरीने सव्वाशे-दीडशे किलोमीटरांनी चुकत असे. आता ती चूक शंभर किलोमीटरांच्या आत आली आहे. प्रगती मोठी आहे. तरीसुद्धा समजा, अंदाज दोन्ही बाजूंस ऐंशी-ऐंशी किलोमीटरांनी चुकू शकतो आणि तीव्र तडाख्याचा पट्टा साठ किलोमीटरांचा आहे. तर दोनशे किलोमीटरांहून अधिक किनारा रिकामा करावा लागेल. म्हणजे घरदार सोडून निघालेल्या दर तीन-चार गावांपैकी एकालाच वादळ भेटेल. बाकीची गावे दुसऱ्या दिवशी परत येतील तो घर जसेच्या तसे, चूल थंड, एक दिवसाची मजुरी बुडालेली, आणि कोंबड्या कोणी नेल्या हे ठाऊक नाही! पुढच्या वेळी ही माणसे निघतील का?

व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. स्थलांतराचा खर्च हा संभाव्य हानीच्या जितका अंश असेल, त्याहून संकटाची शक्यता अधिक असल्यास निघणे फायद्याचे. हानी म्हणजे कुटुंबाचा जीव आणि खर्च म्हणजे दोन दिवसांची गैरसोय असेल, तर चारांतील एक काय, शंभरांतील एक शक्यताही पुरेशी आहे. परंतु माणसे त्रैराशिक मांडून वागत नाहीत, मागच्या आठवणीवरून वागतात. यास्तव जेथे ही योजना यशस्वी झाली तेथे सूचनेबरोबर दुसऱ्या दोन गोष्टी द्याव्या लागल्या. निवाऱ्यात शिजविलेले अन्न असले पाहिजे, आणि मागे राहिलेल्या वस्तूंची राखण झाली पाहिजे. ज्या मायबाईची एकुलती एक गाय दारी बांधलेली आहे ती गायीवाचून निघत नाही, हे बांगलादेशात फार किमतीने कळले. तेथे गुरांसाठी मातीचे उंच ओटे घालतात. त्यांना ‘किल्ला’ असेच म्हणतात.

बांगलादेशाचा अनुभव आणखी एका कारणासाठी पाहण्याजोगा आहे. १९७० च्या संहारानंतर तेथे १९७२ मध्ये स्वयंसेवकांची संघटना स्थापन झाली. तरी एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. संघटना होती, सूचना होत्या, परंतु निवारे फार थोडे होते. आणि जे होते त्यांत स्त्रियांसाठी वेगळी जागा नव्हती. मृतांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळ अधिक निघाले. घरातील पुरुष परत आल्यावाचून बाहेर पडावयाचे नाही, परक्या पुरुषांच्या दाटीत बसावयाचे नाही, हा शिरस्ता पाण्याने पाळला नाही. त्यानंतर निवाऱ्यांची रचना बदलली, घरोघर जाऊन बोलाविणाऱ्या स्त्री-स्वयंसेविका वाढल्या. आज तेथील सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांपैकी निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या नोव्हेंबरातील ‘सिडर’ वादळात सुमारे ३,४०० लोक दगावले. हा आकडा लहान नाही; परंतु सिद्धता एका आदेशाने येत नसते, तिच्यातील एकेक भोक वादळालाच दाखवून द्यावे लागते, असे या पस्तीस वर्षांवरून दिसते.

सूचनेशिवाय सिद्धता

वेधशाळा, उपग्रह, ध्वनिक्षेपक यांपैकी काहीही नसता सिद्धता संभवते काय? २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला व त्सुनामीच्या लाटा निघाल्या. भूकंपकेंद्रालगत सिमुलू नावाचे एक बेट आहे. पहिली लाट तेथे पोहोचण्यास काही मिनिटेच लागली. वस्ती अठ्ठ्याहत्तर हजारांच्या घरात; मृत्यू सात. त्या बेटावर १९०७ मध्ये अशीच लाट आली होती आणि पुष्कळ माणसे गेली होती. उरलेल्यांनी ‘स्मोंग’ हा एक शब्द आपल्या मुलांना दिला : भूमी जोराने हादरली व समुद्र मागे सरला, तर काही गोळा करीत न बसता डोंगराकडे धावा. आज्यांनी नातवंडांना गोष्टींतून, अंगाईंतून तो सांगितला. सत्याण्णव वर्षे तो निरुपयोगी होता. हिंदी महासागरासाठी आपल्या देशाने हैदराबाद येथे त्सुनामीची सूचना देणारे केंद्र २००७ मध्ये उघडले. सिमुलूच्या लोकांना मात्र कोणत्याही केंद्राची सूचना वेळेवर मिळाली नसती. तेथे उपलब्ध वेळ वाढविणे शक्यच नव्हते. आवश्यक वेळ तेवढा धावण्यापुरता उरविलेला होता.

अशा गावांची पारख करण्यासाठी युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाने आता बारा कसोट्या ठरविल्या आहेत. लाट कोठवर येईल याचा नकाशा, बाहेर पडण्याच्या वाटांच्या खुणा, शाळांतून शिक्षण, ठरावीक काळाने सराव, चोवीस तास सूचना घेण्याची व पुढे देण्याची सोय इत्यादी गोष्टी त्यांत येतात. या कसोट्यांना उतरलेली भारतातील पहिली दोन गावे ओडिशातील होत : गंजाम जिल्ह्यातील वेंकटरायपूर आणि जगतसिंगपूर जिल्ह्यातील नोलियासाही. २०२० मध्ये त्यांना ही मान्यता मिळाली. २०२४ मध्ये त्याच राज्यातील आणखी चोवीस गावांची भर पडली. मान्यता कायमची नसते, ठरावीक मुदतीनंतर पुन्हा तपासणी द्यावी लागते. नव्या माणसांना वाटा ठाऊक आहेत ना, यादीतील तरुण पोट भरण्यासाठी सुरतेला निघून गेले नाहीत ना, हे पाहावे लागते.

निवाऱ्यांच्या बाबतीतही हाच प्रश्न उद्भवतो. वर्षातील तीनशे साठ दिवस बंद राहणाऱ्या इमारतीचे काय होते हे सर्वांना माहीत आहे. कुलूप गंजते, किल्ली कोणाकडे आहे ते आठवत नाही, हातपंप कोरडा पडतो, जिन्यात सरपण साठते. म्हणून ओडिशातील बहुतेक निवारे ‘बहुउद्देशीय’ बांधलेले आहेत. त्यांत शाळेचे वर्ग भरतात, अंगणवाडी चालते, लग्नकार्ये होतात. देखभाल गावच्याच समितीकडे असते. छत गळू लागले तर ते पहिल्या पावसात मुलांच्या वह्यांवर गळते, आणि दुरुस्तीची तक्रार वादळाची वाट पाहत बसत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सरावाचा एक दिवस असतो. भोंगा वाजतो, यादीतील नावे पुकारली जातात, कोणा धडधाकट मुलाला ‘म्हातारी’ ठरवून खाटेवर घालून आणतात व त्यावर पुष्कळ हसाहशी होते. मुलांना निवाऱ्याची वाट नव्याने दाखवावी लागत नाही. ती रोज त्याच वाटेने शाळेला येत असतात.